लाझारो कार्देनास : तेलापलीकडचा राष्ट्राध्यक्ष

दूरस्थ (धागाकर्ता)

मेक्सिकोत दरवर्षी १८ मार्चला तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचा दिवस साजरा होतो आणि लाझारो कार्देनास हे नाव निघाले की बहुतेकांना तेवढीच एक गोष्ट आठवते. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्याने आपल्याला खुर्चीवर बसवले, त्या बड्या नेत्याला कार्देनास यांनी तेलाच्या निर्णयापूर्वी दोन वर्षे जिवंत देशाबाहेर पाठवले, आणि १९४० साली मुदत संपताच ते स्वतःही खुर्चीवरून उठले. मेक्सिकोच्या पुढच्या साठ वर्षांना वळण लागले ते या दोन गोष्टींनी, असे मला वाटते. हे वळण चांगले की वाईट, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

त्यांचा जन्म २१ मे १८९५ रोजी मिचोआकान राज्यातील हिकिल्पान या लहान गावी झाला. वडिलांचे छोटेसे दुकान होते आणि दुकानात बिलियर्डचे टेबल होते. शाळा प्राथमिक इयत्तांमध्येच सुटली. १९११ मध्ये वडील वारले तेव्हा मुलांमध्ये थोरला असलेला लाझारो सोळा वर्षांचा होता. करवसुलीच्या कचेरीत कारकुनी, छापखान्यात काम आणि गावच्या तुरुंगाची राखण अशी कामे त्याने केली. १९१३ मध्ये जनरल उएर्ता यांनी राष्ट्राध्यक्ष मादेरो यांना पदच्युत केले, त्यानंतर मादेरोंचा खून झाला आणि देशभर बंडाळी उसळली, तेव्हा हा तरुण बंडखोरांना जाऊन मिळाला. जाताना तुरुंगातला एकुलता एक कैदीही त्याने बरोबर नेला, अशी आख्यायिका आहे.

१९१५ मध्ये उत्तरेकडील सोनोरा राज्यात तो प्लुतार्को एलियास कायेस यांच्या हाताखाली आला. कायेस त्याला 'पोरगा' म्हणत. पुढची वीस वर्षे या दोघांचे नाते असे होते की, बाप-लेक म्हटले तरी चालावे. पंचविसाव्या वर्षी कार्देनास जनरल झाले होते. १९२३ च्या बंडात मात्र त्यांचा दारुण पराभव झाला आणि गंभीर जखमी अवस्थेत ते शत्रूच्या हाती लागले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भिंतीपाशी उभे करून गोळ्या घालणे काही अवघड नव्हते, पण शत्रूच्या सेनापतींनी त्यांच्यावर उपचार करवले. पुढे सत्ता हाती आल्यावर प्रतिस्पर्ध्यांना मारून टाकण्याचा मार्ग त्यांनी सहसा धरला नाही, त्याचे मूळ या प्रसंगात असावे, असा माझा तर्क आहे.

१९२८ ते १९३२ या काळात ते मिचोआकानचे राज्यपाल होते. त्यानंतर १९३४ च्या निवडणुकीसाठी कायेस यांनी त्यांना पक्षाची उमेदवारी मिळू दिली. कायेस यांची स्वतःची मुदत १९२८ मध्येच संपली होती, परंतु त्यानंतरच्या सहा वर्षांत आलेल्या तीन राष्ट्राध्यक्षांचे बोलविते धनी तेच होते. राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे बोट दाखवून 'इथे राष्ट्राध्यक्ष राहतो, हुकूम सोडणारा समोर राहतो' असे लोक म्हणत. कार्देनास हे चौथे बाहुले ठरतील, असा सर्वांचा होरा होता. निवडून येणे ठरलेलेच असताना या उमेदवाराने रेल्वे, मोटार, घोडा मिळेल त्या वाहनाने सुमारे सत्तावीस हजार किलोमीटर प्रवास केला आणि ज्या गावांनी कधी जिल्ह्याचा अधिकारी पाहिला नव्हता तिथे बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकली. हा प्रचार मतांसाठी नव्हताच. कायेस यांच्या ओंजळीने पाणी प्यावे लागू नये, म्हणून स्वतःची माणसे जोडण्याचे ते काम होते.

सत्तेवर येताच त्यांनी आपला पगार निम्म्यावर आणला आणि चापुल्तेपेकच्या राजवाड्यात राहायला नकार देऊन जवळच्या साध्या घरी बिऱ्हाड थाटले. लोकांना राष्ट्राध्यक्षांकडे तक्रार पाठवता यावी म्हणून रोज एक तास तारखाते फुकट खुले ठेवले. याच काळातला एक विनोद मेक्सिकोत अजून सांगतात. सचिव सकाळची कागदपत्रे वाचून दाखवतो. बँकेतील गंगाजळी आटली आहे. 'अर्थमंत्र्यांना कळवा.' पिके बुडाली आहेत. 'शेतीमंत्र्यांना कळवा.' मग एका खेड्यातल्या शेतकऱ्याची तार निघते : मका करपला, गाढव मेले, डुकरीण चोरीस गेली, मूल आजारी आहे. त्यावर राष्ट्राध्यक्ष उठून म्हणतात, 'गाडी काढा, मी तिकडे निघालो.' ही चेष्टा आहे, पण ती करणाऱ्याला माणूस बरोबर कळलेला आहे.

जून १९३५ मध्ये कायेस यांनी वाढत्या संपांवर जाहीर टीका केली, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना जाहीर समजच दिली. कार्देनास यांनी संपूर्ण मंत्रिमंडळाचे राजीनामे मागवले आणि कायेसनिष्ठांना वगळून नवे मंडळ बनवले. पाठोपाठ सैन्यातील नेमणुका बदलल्या, राज्यपाल बदलले. १० एप्रिल १९३६ रोजी कायेस यांना काही सहकाऱ्यांसह विमानात बसवून अमेरिकेत धाडण्यात आले. सापाता १९१९, कारान्सा १९२०, व्हिया १९२३, ओब्रेगोन १९२८ ही त्याआधी खून झालेल्या नेत्यांची यादी पाहिली की, हद्दपारीचे विमान ही त्या राजकारणात केवढी मोठी सुधारणा होती, ते ध्यानात येते.

तेलाबद्दल मी मुद्दामच लिहिलेले नाही, जाणकारांनी भर घालावी.

शिलारस

लेख आवडला, पण तेलाचा विषय कडेला ठेवून हा माणूस समजेल असे मला वाटत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१९२१ साली मेक्सिको हा तेल उत्पादनात जगात दुसऱ्या क्रमांकाचा देश होता, आणि ते जवळजवळ सगळे ब्रिटिश-डच व अमेरिकन कंपन्यांच्या हाती होते. १९१७ च्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमाने जमिनीखालची संपत्ती राष्ट्राची ठरवली होती, पण ते कलम कागदावरच राहिले होते. १९२५ ते १९२८ या काळात कार्देनास तेलाच्या पट्ट्यात लष्करी अधिकारी होते. कंपन्यांच्या वस्त्यांना कुंपणे, आत थंड पाणी नि इस्पितळ, बाहेर मजुरांच्या झोपड्या आणि तुडवायला तेलकट चिखल, हे त्यांनी तीन वर्षे डोळ्यांनी पाहिले. एका कंपनीने त्यांना नवी कोरी पॅकार्ड मोटार भेट म्हणून देऊ केली आणि त्यांनी ती परत पाठवली, असे सांगतात. याच पट्ट्यात त्यांची फ्रान्सिस्को मुहिका यांच्याशी घट्ट मैत्री जमली. घटनेतील जमीन आणि कामगारविषयक कलमांमागे ज्यांचा जोर होता, तेच हे मुहिका.

मे १९३७ मध्ये तेल कामगारांनी संप केला. सरकारने तीन तज्ज्ञांची समिती नेमली, तिने कंपन्यांचे हिशेब तपासले आणि वर्षाला २ कोटी ६० लाख पेसो वाढ देणे परवडते, असा निष्कर्ष काढला. डिसेंबरमध्ये लवादाने तोच निवाडा दिला आणि १ मार्च १९३८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. कंपन्यांचा खरा आक्षेप रकमेइतकाच कारभारातील हस्तक्षेपाला होता. एका बैठकीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. रक्कम याहून वाढणार नाही, याची हमी कोण देणार, असे प्रतिनिधींनी विचारले. कार्देनास म्हणाले, 'मी देतो.' त्यावर एकाने उपहासाने 'तुम्ही?' म्हटल्याबरोबर ते उठले आणि बैठक संपल्याचे त्यांनी सांगितले. शेवटच्या घटकेला कंपन्यांनी रक्कम मान्य करण्याची तयारी दाखवली, पण तोवर उशीर झाला होता. १८ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी नभोवाणीवरून सतरा कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतल्याचे जाहीर केले.

भरपाईसाठी लोकांनी दिलेल्या देणग्यांचे दृश्य मात्र विसरता येत नाही. एप्रिलमध्ये राजधानीच्या कलाभवनात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आमालिया सोलोर्सानो यांच्यासमोर बायकांची रांग लागली. कोणी लग्नातली अंगठी काढून देत होती, तर कोणी काखेतली कोंबडी टेबलावर ठेवत होती. जमलेल्या पैशातून भरपाईचा कोपराही भागला नसता. अमेरिकन कंपन्यांशी तडजोड १९४२ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरवर झाली आणि ब्रिटिशांचा प्रश्न १९४७ पर्यंत लोंबकळत राहिला. पण त्या कोंबडीने जे काम केले, ते पैशाचे नव्हते.

नशिबाची साथही होती, हे कबूल केले पाहिजे. युरोपात युद्धाचे ढग जमले होते, रूझवेल्ट यांना शेजारी दुखवायचा नव्हता आणि त्यांचे राजदूत डॅनियल्स हे मवाळ गृहस्थ होते. ब्रिटनने खरमरीत खलिते धाडले आणि मे १९३८ मध्ये संबंध तुटले. कंपन्यांनी बहिष्कार घातल्यावर मेक्सिकोला आपले तेल नाइलाजाने जर्मनी आणि इटलीला विकावे लागले. वास्तविक हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्याबद्दल राष्ट्रसंघात याच मेक्सिकोने १९ मार्चला, म्हणजे तेलाच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, निषेध नोंदवला होता. व्हिएन्नात आज मेक्सिकोच्या नावाचा चौक आहे तो त्यामुळेच.

कोरडवाहू

शिलारस यांच्या प्रतिसादातील तपशील उत्तम. मी मात्र जमिनीबद्दल लिहितो, कारण शेतकऱ्यांच्या घरात कार्देनास यांची तसबीर लागली ती जमिनीमुळे.

सहा वर्षांत त्यांनी सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन आठ लाखांच्या आसपास शेतकऱ्यांना वाटली. हे वाटप 'एहिदो' पद्धतीने झाले. एहिदो म्हणजे गावाला मिळालेली सामाईक जमीन. कसण्याचा हक्क कुटुंबाचा आणि तो मुलाकडे जाणार, पण जमीन विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, खंडाने देता येणार नाही. सावकाराच्या घशात जमीन परत जाऊ नये हा यामागचा हेतू होता आणि तो रास्तच होता. अडचण दुसरीकडे होती. गहाण ठेवायला जमीनच नाही, तर शेतकऱ्याला कर्ज कोण देणार? म्हणून सरकारने एहिदोंसाठी वेगळी बँक काढली. बियाणे, खत, पंप, कापसाची विक्री सगळे त्या बँकेच्या हाती गेले. सावकार गेला आणि त्याच्या जागी बँकेचा साहेब आला.

उत्तरेकडील ला लागुना हा कापसाचा मुलूख याचे उत्तम उदाहरण आहे. १९३६ च्या संपानंतर ६ ऑक्टोबरला तिथल्या जमिनी वाटण्याचा हुकूम निघाला, राष्ट्राध्यक्ष स्वतः जाऊन राहिले आणि तीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांना काही आठवड्यांत जमीन मिळाली. एवढ्या घाईत मोजणी नीट होणे शक्यच नव्हते. त्यात जुन्या मालकांना प्रत्येकी दीडशे हेक्टर निवडून ठेवण्याची मुभा होती. त्यांनी विहिरी असलेले तुकडे निवडले, हे सांगायला नकोच. नासास नदीच्या पुरावर शेकडो कुटुंबे अवलंबून आणि बारमाही पाणी मालकाच्या विहिरीत, अशी ती वाटणी झाली. शेतीतला माणूस असे कागद वाचताना आधी पाणी कुठे आहे ते पाहतो.

तरीही मी त्यांना दोष देणार नाही. हळूहळू वाटप केले असते तर जमीनदारांनी न्यायालये, बंदूकधारी 'श्वेत रक्षक' आणि गावगुंड यांच्या बळावर ते रखडवले असते. मिचोआकानच्या पुरेपेचा लोकांत ते 'ताता लाझारो' झाले ते उगीच नव्हे. ताता म्हणजे बाप. आपल्याला 'तात' शब्द आठवतो, पण तो केवळ योगायोग आहे.

मृण्मयी_प

सगळे प्रतिसाद वाचले. कोंबडी देणाऱ्या बायकांचे कौतुक झाले, आता त्याच बायकांच्या मताधिकाराबद्दलही बोलू या.

कार्देनास यांनी १९३७ मध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती मांडली. दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली आणि राज्यांनीही मान्यता दिली. उरली होती ती केवळ अंतिम घोषणा आणि राजपत्रातील प्रसिद्धी. ती कधी झालीच नाही. बायका चर्चच्या सांगण्यावरून विरोधकांना मते देतील, ही भीती पक्षाला वाटली आणि १९४० ची निवडणूक तोंडावर होती. राष्ट्रीय निवडणुकीसाठी हा हक्क मिळायला १९५३ साल उजाडले. बलाढ्य परदेशी कंपन्यांना न भिणारा नेता राजपत्रातल्या एका पानापाशी अडला, हे धागाकर्त्यांच्या चित्रात बसते का?

दूरस्थ (धागाकर्ता)

मृण्मयी, तुमचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि तो माझ्या चित्रात बसतोही, फक्त चित्र काळवंडते. १९३८ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीची पाणलोट रेषा आहे. मार्चमध्ये तेल ताब्यात आले, पेसो घसरला, धान्य महागले, मे महिन्यात सान लुइस पोतोसीत जनरल सेदियो यांनी बंड केले. (मी वर 'सहसा' हा शब्द योजला तो यामुळे. सेदियो यांना शरण येण्याची संधी दिली गेली होती, पण पुढच्या जानेवारीत ते लष्कराशी झालेल्या चकमकीत मारले गेले.) त्यानंतर मोठे जमीनवाटप मंदावले. स्त्रियांच्या मताचा बळी याच सावधपणात गेला.

त्याच मार्चअखेर त्यांनी पक्षाची नव्याने बांधणी केली : शेतकरी, कामगार, सैन्य आणि उरलेला मध्यमवर्ग अशा चार शाखा. कामगार संघटना लोम्बार्दो तोलेदानो यांच्याकडे होती आणि शेतकऱ्यांची संघटना मुद्दाम वेगळी ठेवली गेली. दोन्ही एकत्र आल्या तर राष्ट्राध्यक्षाला डोईजड होतील, हे त्यांना कळत होते. जमीन, संप, बँक यांतील प्रत्येक दावा अखेर राष्ट्राध्यक्षांच्या दारी यावा, अशी ती रचना होती. दारात कार्देनास उभे असेपर्यंत ती चालली. हाच पक्ष पुढे नाव बदलून २००० सालापर्यंत सत्तेत राहिला.

सांजवात

१९४० च्या निवडणुकीचा उल्लेख झाला आहे म्हणून लिहितो. ७ जुलैला राजधानीत मतदान केंद्रांवर सरळसरळ गोळीबार झाला आणि माणसे मेली. विरोधी उमेदवार जनरल आल्मासान यांची शहरात हवा होती. सत्ताधारी पक्षाचे एक दांडगे पुढारी गोन्सालो सांतोस यांनी नंतर आपल्या आठवणींत लिहिले आहे की, राष्ट्राध्यक्ष मत द्यायला येणार त्या केंद्रावर त्यांच्या माणसांनी हल्ला चढवून विरोधकांना हुसकले आणि अग्निशामक दलाकडून रस्त्यावरचे रक्त धुवून घेतले. कार्देनास आले आणि रस्ता किती स्वच्छ आहे, असे म्हणाले. सांतोस हे बढाईखोर गृहस्थ होते, त्यामुळे मीठ किती घालायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. अधिकृत निकालात आल्मासान यांना सहा टक्क्यांच्याही आत मते दाखवली गेली, ती मात्र मीठ घालूनही घशाखाली उतरत नाहीत.

वैदर्भीय

एक छोटी भर. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग सदाशिव खानखोजे हे १९२० च्या दशकापासून मेक्सिकोत होते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवत, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. ज्या शेतकऱ्यांना कार्देनास जमीन देत होते, त्यांना ती कशी कसावी हे शिकवणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्याशी त्यांची मैत्री होती. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.

स्थलांतरित

वैदर्भीय यांचे आभार, हे माहीत नव्हते.

कामानिमित्त काही महिने मेक्सिको सिटीत होतो, तेव्हाची एक गोष्ट. कार्देनास यांनी राजवाडा सोडून जिथे बिऱ्हाड केले, त्या घराला 'लोस पिनोस', म्हणजे पाइनची झाडे, हे नाव त्यांनी दिले. आमालिया यांच्याशी भेटीगाठी झाल्या, त्या ताकांबारोच्या बागेचे ते नाव. त्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच आवारात बंगल्यांवर बंगले चढवले आणि साधे घर म्हणून निवडलेली जागा राजवाड्याहून दुर्गम झाली. १ डिसेंबर २०१८ पासून ते आवार सर्वांसाठी खुले आहे. मी गेलो त्या रविवारी एक आजी दिवाणखान्यातल्या झुंबराखाली उभ्या राहून नातवाला नुसत्या 'अगोबाई' सारखे काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

क्रांतीच्या स्मारकालाही गेलो होतो. त्या प्रचंड घुमटाच्या खांबांत मादेरो, कारान्सा, व्हिया यांच्याबरोबर कायेस आणि कार्देनास दोघेही पुरलेले आहेत. कायेस १९ ऑक्टोबर १९४५ रोजी वारले आणि कार्देनास १९ ऑक्टोबर १९७० रोजी. एकच तारीख, एकच घुमट. तिथल्या रखवालदाराने मला हे सांगितले ते इतक्या सराईतपणे, की प्रत्येक पाहुण्याला हेच ऐकवत असणार.

मृण्मयी_प

धन्यवाद. एक शंका राहिली. मुहिका हे जिवलग मित्र आणि विचारांनी सर्वांत जवळचे होते, मग १९४० मध्ये त्यांना डावलून कार्देनास यांनी उत्तराधिकारी म्हणून मवाळ आविला कामाचो यांची निवड का केली?

दूरस्थ (धागाकर्ता)

तेलाच्या घोषणेचा मसुदा तयार करायला कार्देनास यांनी ज्यांना सांगितले ते मुहिका, आणि रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कींना आश्रय मिळावा ही विनंती ज्यांच्यामार्फत राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचली तेही मुहिकाच. इतका निकटचा माणूस. पण सैन्य, राज्यपाल आणि संघटित कामगार तिन्ही आविला कामाचो यांच्या बाजूला झुकले होते. स्पेनमधले लोकसत्ताक नुकतेच कोसळले होते आणि तिथून परागंदा झालेले हजारो लोक मेक्सिकोच्या बंदरांत उतरत होते. आपल्याकडेही तशीच यादवी पेटेल ही धास्ती कार्देनास यांना होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुहिका यांनी जुलै १९३९ मध्येच उमेदवारीतून माघार घेतली.

पुढे त्यांना बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागाचे राज्यपाल करून राजधानीपासून दूर पाठवण्यात आले. १९५२ च्या निवडणुकीत हेच मुहिका सत्ताधारी पक्षाविरुद्ध जनरल एन्रिकेस यांच्या प्रचारात उतरले. त्या वेळी कार्देनास काय करतात, याकडे सगळा देश पाहत होता. त्यांच्या घरची मंडळी एन्रिकेस यांच्याकडे कलल्याची कुजबुज होती. कार्देनास स्वतः बाजूचे किंवा विरोधाचे एक अक्षरही जाहीरपणे बोलले नाहीत. मुहिका १९५४ साली वारले. पक्षाविरुद्ध उघडपणे उभे राहण्याचे काम पुढे १९८८ मध्ये कार्देनास यांच्या मुलाने, कुआउतेमोक यांनी केले, आणि त्या निवडणुकीच्या रात्री मतमोजणीची संगणक यंत्रणा बंद पडली.